महिपतराव भापकरांची बिनधुराची भट्टी

महिपतराव भापकरांना सरकारनं कचऱ्यात घातलं ते एकोणीसशे पन्नास साली. ‘कचऱ्यात घातलं’ हे शब्द त्यांच्या पत्नीचे, शालिनीताईंचे. सरकारी कागदावर ‘समायोजन’ असा सभ्य शब्द होता.

त्याआधीची पंचवीस वर्षं महिपतरावांनी संस्थानी तोपखान्याच्या ओतशाळेत पितळ वितळवण्यात घालवली होती. त्यांचे वडील तिथेच होते, आजोबाही तिथेच. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले तेव्हा तोफा ओढत आले होते. पुढच्या पिढ्या तोफांचे कान-नाक दुरुस्त करण्यावर आल्या. मग संस्थान गेलं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं आणि फौज हिंदुस्थानच्या फौजेत मिसळली. तरण्या शिपायांना नवा गणवेश मिळाला. चाळिशी उलटलेल्यांना एक छापील कागद मिळाला, त्यात रकाना होता: ‘कोणते काम जाणता?’ महिपतरावांनी लिहिलं, ‘भट्टी’. कारकुनानं यादी चाळली. ग्वाल्हेरच्या सबंध लष्कर शहरात सरकारला भट्टीवाला माणूस हवा होता तो एकाच खात्यात. सफाई खात्यात.

अशा रीतीनं हवालदार महिपतराव भापकर इंदरगंजाच्या मागे, नाल्याच्या काठावर, शहराचा कचरा जाळणाऱ्या भट्टीचे अंमलदार झाले.

ही भट्टी म्हणजे विटांची एक काळी खोली, आत लोखंडी जाळी, जाळीखाली राखेचा खड्डा आणि डोक्यावर एक लांबुडकं धुरांडं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी कुणीतरी मोठ्या हौसेनं बांधली आणि मोठ्या हौसेनं विसरून गेलं. ती जळत कधीच नव्हती, नुसती धुमसत होती. पश्चिमेचा वारा सुटला की धूर जयेंद्रगंजात, पूर्वेचा सुटला की इंदरगंजात, आणि वारा पडला की भट्टीवरच्या माणसांच्या छातीत.

खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका हळदीकुंकवाला कुसुमताई नावाच्या जुन्या सरदार घराण्यातल्या बाईंनी शालिनीताईंना मुद्दाम मोठ्यानं विचारलं, “तुमचे हे हल्ली कोणत्या ऑफिसात असतात हो?”

“इंदरगंजात,” शालिनीताई म्हणाल्या.

“इंदरगंजात तर ढीगभर ऑफिसं आहेत.”

“तुमच्या वाळत घातलेल्या कुरड्यांवर जिथून काजळी येऊन बसते ना, त्या.”

बायका हसल्या. शालिनीताईही हसल्या, पण घरी येऊन त्यांनी वाटी अशी आपटली की महिपतरावांना काय ते कळलं.

“अहो, लोक तोंडावर विचारून राहिले आहेत. बदली मागून घ्या ना दुसरीकडे.”

“मागतो. पण आधी तो धूर बंद करतो. धूर सोडून गेलो तर भापकरांच्या नावानं धूरच उरेल.”

“आणि धूर बंद झाला तर?”

“मग बदली कशाला मागायची?”

शालिनीताईंनी आपटलेली वाटी उचलून मांडणीवर ठेवली. नवऱ्याशी घातलेला वाद त्यांच्याकडे नेहमी असाच प्रश्न होऊन परत यायचा.

महिपतराव हट्टी होते खरे, पण उगीच हट्टी नव्हते. भट्टी नव्हती तेव्हा कचरा नाल्याच्या काठावर पडायचा. त्या दिवसांत एकदा पटकी आली. भापकरांच्या गल्लीतून तीन तिरड्या उठल्या, त्यातली एक त्यांच्या धाकट्या भावाची, वय वर्षं नऊ. महिपतराव त्याबद्दल कधी बोलत नसत. पण “भट्टी बंद करा आणि पूर्वीसारखं नाल्यावर टाका” असं कुणी म्हटलं की त्यांच्या मिशा वेगळ्या तऱ्हेनं हलायच्या.

धूर म्हणजे काय, हे त्यांना ओतशाळेत कळलं होतं. धूर म्हणजे अर्धवट सोडलेलं काम. विस्तव पुरेसा तापला की तो धूरसुद्धा खाऊन टाकतो. तापला नाही की मग ओकतो. त्यांचे वडील भट्टीच्या भोकातून एक डोळा लावून रंग सांगायचे: आधी जांभळट, मग डाळिंबी, मग केशरी, आणि शेवटी हळदीसारखा पिवळा. पिवळा आला की पितळ पाणी होतं. कचऱ्याच्या भट्टीत महिपतरावांनी डोळा लावला तेव्हा त्यांना रंगच दिसला नाही. दिसलं ते वांगं भाजतात तसलं काहीतरी.

मग तीन वर्षं ते त्या भट्टीच्या मागे लागले. बंद पडलेल्या ओतशाळेच्या आवारातून त्यांनी अर्ज करकरून अग्निविटा आणल्या. भट्टीच्या आत एक आडवी भिंत घातली, म्हणजे धुराला थेट धुरांड्यात पळता येऊ नये, भिंतीला वळसा घालून दुसऱ्या तापलेल्या खोलीतून जावं लागावं आणि तिथे तो उरलासुरला जळून जावा. बाहेरची गार हवा जाळीखाली तशीच न सोडता, तापलेल्या भिंतींमधल्या बोळकांडीतून फिरवून गरम करूनच आत घेतली. आणि भट्टीच्या माथ्यावर एक ओटा केला, त्यावर कचरा पसरून ठेवला की खालच्या आयत्या उष्णतेनं तो वाळे.

या कामात त्यांच्या जोडीला हरप्यारे होता. हा भट्टीवरचा जुना झोक्या, म्हणजे जाळीवर कचरा झोकणारा. सबंध आयुष्य त्यानं त्या धुरात काढलं होतं आणि साहेबलोकांच्या युक्त्यांवरचा त्याचा विश्वास धुराबरोबरच उडून गेला होता.

“हवलदार साब,” तो म्हणाला, “इस भट्टी में रावण भी डालोगे तो धुआँ ही देगा.”

“पितळ वितळवून दाखवतो तुला.”

“कूड़े की आग में? पीतल?”

महिपतरावांनी घरून आपल्या जुन्या गणवेशाचं एक पितळी बटण आणलं, लोखंडी सळईच्या टोकाला तारेनं बांधलं आणि भोकातून आत धरलं. थर्मामीटर म्हणतात तो कचेरीत मागितला असता तर नातवाच्या मुंजीपर्यंत आला असता. बटण घरचंच होतं. पहिल्या खेपेला बटण काळं होऊन बाहेर आलं. तिसऱ्या महिन्यात नुसतं लाल झालं. एका सकाळी, मुद्दाम वाळवलेल्या पालापाचोळ्यावर आणि चिंध्यांवर भट्टी पेटवली असताना, सळई बाहेर आली ती नुसतीच. तार होती, बटण नव्हतं.

हरप्यारेनं सळई उलटीसुलटी करून पाहिली. मग बाहेर जाऊन धुरांड्याकडे मान वर करून उभा राहिला. वर निळं आभाळ होतं, आणि धुरांड्याच्या तोंडाशी हवा फक्त थरथरत होती.

“अरे बाप रे,” तो म्हणाला. “ये तो सच में जल रही है.”

पण ते एका सकाळपुरतं. रोजच्या गाड्या सुरू झाल्या की दहाच्या सुमारास भट्टी परत वांगी भाजायला लागे. ओट्यावरचा कचरा वाळायचं नाव घेत नसे. पावसाळ्यात समजू शकतं. पण हे दिवस मे महिन्याचे होते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात माणसाच्या अंगावर घाम टिकत नाही, मग भोपळ्याच्या सालीवर पाणी कुठून टिकतं?

शेवटी एक दिवस महिपतराव पहाटेच निघाले आणि एका गाडीच्या मागून चालत राहिले. गाडी भाजीबाजारातून निघाली तेव्हा कचरा चांगला कडकडीत होता. इंदरगंजाच्या चौकात गाडी आपण होऊन थांबली. बैलालासुद्धा सवय होती. तिथे नूरे भिश्ती पाण्यानं भरलेली कातडी मशक घेऊन उभा होता. त्यानं बिस्मिल्ला म्हणून गाडीवर एक मशक रिकामी केली, मग दुसरी. गाडी पुढे गेली. मागची आली. परत दोन मशका.

महिपतराव बघतच राहिले.

“नूरे मियाँ, ये क्या कर रहे हो?”

“पानी मार रहा हूँ, हवलदार साब.” नूरेला प्रश्नच कळला नाही. “बाईस साल से मार रहा हूँ.”

“पण कशाला?”

“हुकुम है. सवारी निकलती है तो धूल नहीं उड़नी चाहिए.”

“सवारी? अरे, आता कोणाची सवारी? रियासत ख़त्म हो गई!”

“वो तो हमने भी सुना है,” नूरे शांतपणे म्हणाला. “पर हुकुम ख़त्म हुआ, ऐसा किसी ने नहीं बताया.”

गोष्ट अगदी खरी होती. राज्य विलीन झालं होतं, फौज विलीन झाली होती, टपालाची तिकिटं बदलली होती. पण स्वारीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कचऱ्याच्या गाडीवर पाणी मारण्याचा हुकूम कुणी विलीन केला नव्हता. तो आपला रोज पहाटे चौकात उभा राहून शहराची भट्टी विझवत होता.

महिपतराव तडक कचेरीत गेले. तिथले बडे बाबू श्रीपादराव लघाटे. त्यांचे पूर्वज दरबारात दप्तरदार होते. श्रीपादरावांच्या लेखी जगात दोनच जातीच्या वस्तू होत्या: दप्तरी नोंद असलेल्या आणि अस्तित्वात नसलेल्या.

“रद्द करायचा?” ते चष्म्यावरून बघत म्हणाले. “महिपतराव, हुकूम ज्यानं काढला त्यानंच रद्द करायचा असतो.”

“ज्यानं काढला तो दरबार राहिला कुठे?”

“तेच म्हणतो मी. रद्द कोण करणार?”

“अहो, मध्यभारत सरकार करेल की.”

“करेल ना. अर्ज द्या.”

महिपतरावांनी अर्ज दिला. मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. त्यांचा अर्ज पुढे सरकून साहेबांच्या टेबलापाशी पोचला तेव्हा साहेब इंदूरला गेले होते. अर्ज इंदूरला पाठवला, तोवर साहेब परत आले होते. असं तीन वर्षं चाललं. पाखरंसुद्धा हिवाळ्याला एका गावी आणि उन्हाळ्याला दुसऱ्या गावी जातात, पण त्यांना निदान एकमेकांची गाठ पडते.

अशातच छप्पन्न साल उजाडलं आणि बातमी आली की मध्यभारतही राहणार नाही. एक नोव्हेंबरपासून मोठं मध्यप्रदेश राज्य, राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरच्या चौकाचौकात माणसं कुणीतरी गेल्यासारखी उभी राहू लागली. महिपतरावांना राजधानीचं सुतक पाळायला सवड मिळाली नाही, कारण श्रीपादरावांनी त्यांना बोलावून एक यादी पुढे केली. नव्या राज्याला द्यायच्या मालमत्तेची. दोनच रकाने: ‘चालू’ आणि ‘बंद’. भट्टीपुढे पेन्सिलीनं ‘बंद’ लिहिलं होतं.

“हे कुणी लिहिलं?”

“जयेंद्रगंजातल्या लोकांच्या तक्रारी आहेत, महिपतराव. धूर, धूर आणि धूर. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आरोग्याचे बडे डॉक्टर तपासणीला येताहेत. धूर दिसला तर पेन्सिलीवर शाई फिरेल. भट्टी पाडायची, कचरा नाल्यावर.”

“आणि माझा अर्ज?”

“तो बहुधा भोपाळला जाईल,” श्रीपादराव जरा ओशाळून म्हणाले.

महिपतरावांच्या मिशा हलल्या. “तो हुकूम मला वाचायला द्या.”

“मूळ कागद?”

“मूळ. पंचवीस वर्षं सगळे पाळताहेत. वाचला कुणीच नसेल.”

श्रीपादरावांनी दोन दिवस दप्तर उपसलं. कागद मिळाला तेव्हा त्यांना झालेला आनंद भट्टी वाचल्याचा नव्हता, नोंद सापडल्याचा होता. महिपतरावांनी कागद तीनदा वाचला. धूळ उडून स्वारीस उपद्रव होऊ नये म्हणून चौकात प्रत्येक गाडीवर दोन मशका पाणी मारावे, कसूर करणाऱ्यास बडतर्फ करण्यात येईल, खाली शिक्का. बस, एवढंच.

“श्रीपादराव, यात गाडी उघडी ठेवा असं कुठे म्हटलंय?”

“नाही म्हटलेलं.”

“मग मी गाडी झाकली तर?”

श्रीपादरावांनी कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला. “झाकू नये, अशी नोंद नाही,” ते हळूच म्हणाले.

नूरेला थांबवणं सोपं होतं; पण मग कसूर कोणाची, आणि बडतर्फ कोण? नूरेची मशक हीच नूरेची नोकरी होती. महिपतरावांना भट्टी पेटवायची होती, कुणाची चूल विझवायची नव्हती.

तोपखान्याच्या बंद कोठारात तोफांवर घालायची मेणकापडं पडून होती. उंदरांशिवाय त्यांच्यावर कुणाचा हक्क राहिला नव्हता. महिपतरावांनी कोठारवाल्याकडून लेखी मागून ती घरी आणली आणि अंगणात पसरली. चौदा गाड्या, चौदा झाकणं.

शालिनीताई दारात आल्या. “हे काय नवीन?”

“गाड्यांना झाकणं. शिवायला मोची लावला तर एक नोव्हेंबर उलटेल.”

शालिनीताईंनी मेणकापडाला बोट लावून वास घेतला, नाक मुरडलं, आत गेल्या आणि गोधडीचा जाडा दाभण घेऊन बाहेर आल्या.

“तुम्ही शिवणार?” महिपतरावांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

“मग काय, कुसुमताईंना बोलावू? सहा वर्षं मी त्या धुराची बोलणी खाऊन राहिले आहे. आता कुणी विचारलं तर नवरा काय करतो ते धड सांगता तरी यावं. तुम्ही तिकडून ताणून धरा. असं नाही, ताणून!”

नऊ दिवसांत चौदा झाकणं झाली. दहाव्या दिवशी पहाटे नूरेच्या समोर मेणकापडानं झाकलेली गाडी येऊन थांबली.

“पानी मारूँ?” त्यानं विचारलं.

“मारो. पूरी दो मशक.”

नूरेनं पाणी मारलं. ते मेणकापडावरून घरंगळून रस्त्यावर गेलं. धूळ बसली, हुकूम पाळला गेला, कचरा कोरडा राहिला. नूरे गाडीकडे बघत बराच वेळ दाढी खाजवत राहिला. “पच्चीस साल में पहली बार,” तो म्हणाला, “सड़क धुली है.”

डॉक्टर आले ते सव्वीस ऑक्टोबरला, सकाळी अकरा वाजता. सोबत यादी घेऊन श्रीपादराव. डॉक्टर उंच, घाईतले, बूट चकचकीत. त्यांनी मोटारीतून उतरता उतरता धुरांड्याकडे पाहिलं. वर स्वच्छ आभाळ.

“भट्टी तो बंद पड़ी है,” ते म्हणाले. “लिखिए.”

श्रीपादरावांनी सवयीनं शाईचं पेन उघडलं. सहा वर्षं धूर निघतो म्हणून बंद करायला निघाले होते. आता निघत नाही म्हणून बंद.

“साहेब, चालू है,” ते म्हणाले आणि पुढे होऊन भट्टीचं दार उघडलं. आतला हळदीसारखा पिवळा जाळ दिसला आणि धग अशी आली की डॉक्टर तीन पावलं मागे सरले, श्रीपादराव पाच. यादीचा कोपरा वळला.

डॉक्टरांनी रुमालानं कपाळ पुसलं. पण ते कसलेले होते. सूखा पत्ता तो कोई भी जला ले, म्हणाले. कोपऱ्यात पडलेल्या एका टोपलीकडे त्यांनी बोट केलं. त्यात दवाखान्यातून आलेल्या ओल्याचिंब पट्ट्या आणि बोळे होते. “असली चीज़ ये है. ये डालिए. अभी, मेरे सामने.”

हरप्यारेनं टोपली उचलली. महिपतरावांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“नहीं साहेब. गीला अंदर नहीं जाएगा.”

श्रीपादरावांनी डोळे मिटले.

“मैं कह रहा हूँ, डालिए,” डॉक्टरांचा आवाज चढला.

“ओट्यावर जाएगा. एक घंटा सूखेगा. फिर अंदर जाएगा.” महिपतरावांचा आवाज चढला नाही, पण खालीही आला नाही. “आत्ता टाकलं तर धूर निघेल, आणि धूर निघाला की आप ‘बंद’ लिखेंगे. नाही टाकलं तरी आप ‘बंद’ लिख सकते हैं. बंदच व्हायची असेल तर बिनधुराची बंद होऊ दे.”

डॉक्टर भट्टीकडे वळून तिचा आवाज ऐकू लागले. तापलेल्या भट्टीचा आवाज मोठा नसतो. दूर कुठेतरी गाडी चालली आहे असा असतो.

“एक घंटा?” डॉक्टरांनी विचारलं.

“एक घंटा.”

डॉक्टरांनी मोटारीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग आसपास बसायला काय आहे ते पाहिलं. एक मोडकं स्टूल होतं. ते त्यावर बसले. श्रीपादराव उभेच राहिले, कारण अशा वेळी कुठे बसावं याची नोंद त्यांना आठवेना.

तो एक तास महिपतराव भोकाला डोळा लावून बसले, हवेची झडप बोटभर उघडत आणि बोटभर लावत. हरप्यारे ओट्यावर पट्ट्या लांब दांड्याच्या पंज्यानं उलटत राहिला. डॉक्टरांनी आधी घड्याळ पाहिलं, मग ती आडवी भिंत काय आहे म्हणून विचारलं, मग झडप का हलवता म्हणून विचारलं. तास संपता संपता ते स्टूल ओढून महिपतरावांच्या शेजारी आले होते आणि दुसऱ्या भोकाला डोळा लावत होते.

“रंग सांगा,” महिपतराव म्हणाले, आणि आपण कुणाला सांगतोय ते लक्षात येऊन गडबडले.

“पीला,” डॉक्टर म्हणाले. “नहीं, थोड़ा नारंगी.”

“मग थांबा.” महिपतरावांनी झडप आणखी बोटभर उघडली. “आता?”

“पीला.”

“हरप्यारे, डाल.”

पट्ट्या आत गेल्या. सगळे बाहेर येऊन वर बघू लागले. धुरांड्याच्या तोंडाशी एक राखाडी रेघ उठली. श्रीपादरावांचा हात पेनाकडे गेला. रेघ वीतभर वाढली, विरली, आणि परत नुसती थरथरती हवा उरली.

डॉक्टरांनी श्रीपादरावांच्या हातातून यादी घेतली. पेन्सिलीनं लिहिलेल्या ‘बंद’वर त्यांनी रेघ मारली, दुसऱ्या रकान्यात ‘चालू’ लिहिलं, खाली सही केली. मग जरा थांबून समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘भट्टीदार को न बदला जाए.’

“साहेब,” श्रीपादराव चाचरत म्हणाले, “समासातल्या मजकुराची नोंद कोणत्या रकान्यात करायची?”

“नया रकाना बनाइए,” डॉक्टर म्हणाले, आणि महिपतरावांकडे वळले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. नव्या राज्याविषयी असावं, कदाचित आभाराचं असावं.

महिपतराव त्यांच्याकडे बघत नव्हते. नाल्याच्या बाजूनं झाकलेल्या तीन गाड्या वळून येत होत्या आणि भट्टीचं दार अजून उघडंच होतं.

“साहेब, जरा बाजूला व्हा,” ते म्हणाले. “दार लावू द्या. आतला रंग उतरतोय.”